हॉटेल प्रकल्पाची आर्थिक व्यवहार्यता

हॉटेल प्रकल्पाची आर्थिक व्यवहार्यता म्हणजे नियोजित हॉटेल बांधून चालविल्यास त्यातून मिळणारे उत्पन्न चालू खर्च, कर्जाचे हप्ते व कर भागवून गुंतविलेल्या भांडवलावर पुरेसा परतावा देऊ शकेल की नाही, याचे बांधकामापूर्वी केलेले मूल्यमापन होय. या मूल्यमापनाच्या लेखी स्वरूपाला व्यवहार्यता अहवाल म्हणतात. बँका व वित्तसंस्था कर्जमंजुरीपूर्वी असा अहवाल मागतात. तथापि अहवालाचे मुख्य प्रयोजन कर्ज मिळविणे हे नसून, प्रकल्प हाती घ्यावा की नाही आणि घेतल्यास केवढ्या आकाराचा घ्यावा, हे ठरविणे आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात 'हॉटेल' हा शब्द बहुधा चहा-फराळाच्या ठिकाणासाठी वापरला जातो आणि मुक्कामाच्या ठिकाणास 'लॉज' म्हणतात. या लेखात हॉटेल म्हणजे पाहुण्यांना मोबदला घेऊन रात्रीच्या मुक्कामासाठी खोल्या देणारी आस्थापना, असा अर्थ घेतला आहे. संकल्पना स्पष्ट करण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा या गावाचे उदाहरण घेतले आहे.

व्यवसायाचे वेगळेपण

हॉटेलचा माल म्हणजे खोलीची एक रात्र. दुकानातील न विकलेले कापड दुसऱ्या दिवशी विकता येते. परंतु सोमवारी रिकामी राहिलेली खोली मंगळवारी दोनदा विकता येत नाही. त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते. दुसरे वैशिष्ट्य असे की, हॉटेलचा बहुतेक खर्च स्थिर असतो. पाहुणे दोन असोत वा वीस, पहारेकरी, व्यवस्थापक, विमा, घरपट्टी आणि कर्जाचा हप्ता यांत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ठरावीक मर्यादेच्या खाली व्यवसाय गेला की तोटा झपाट्याने वाढतो व मर्यादेच्या वर गेला की नफाही तितक्याच वेगाने वाढतो. ही मर्यादा नेमकी कोठे आहे आणि वर्षातील किती महिने व्यवसाय तिच्या खाली राहील, हा व्यवहार्यता अभ्यासाचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत १८६०च्या दशकात ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले वॉटसन्स हॉटेल हे शहरातील प्रारंभीच्या मोठ्या हॉटेलांपैकी एक होते. १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटा यांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाल्यानंतरच्या काळात वॉटसन्सचे महत्त्व ओसरत गेले आणि कालांतराने ते हॉटेल म्हणून बंद झाले. ही इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाते. इमारत भक्कम असली तरी नव्या स्पर्धकामुळे व्यवसाय टिकेलच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

हॉटेलांचे हिशेब एकाच पद्धतीने मांडले जावेत, यासाठी न्यू यॉर्क येथील हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेने १९२६ मध्ये एकसमान लेखापद्धती प्रसिद्ध केली. खोल्या, खाद्यपेये व इतर विभागांचे उत्पन्न आणि खर्च वेगवेगळे दाखविण्याची ही रीत सुधारित रूपात आजही जगभर वापरली जाते. त्यामुळे एका हॉटेलच्या अनुभवाची दुसऱ्याशी तुलना करणे शक्य झाले.

मागणीचा अभ्यास

अभ्यासाची सुरुवात इमारतीच्या आराखड्यापासून न होता पाहुण्यांपासून व्हावी लागते. गावात कोण येते, कशासाठी येते, रात्री थांबते का आणि थांबल्यास सध्या कोठे उतरते, हे चार प्रश्न मूलभूत आहेत.

खांडबारा हे नवापूर तालुक्यातील बाजारपेठेचे गाव पश्चिम रेल्वेच्या उधना–जळगाव मार्गावर, तसेच विसरवाडीहून नंदुरबारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नकाशावर पाहता रेल्वे व रस्ता या दोन्ही सोयींमुळे हॉटेलसाठी ही जागा उत्तम वाटते. परंतु वाहतुकीची सोय आणि मुक्कामाची गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१८ मध्ये या रेल्वेमार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाले. प्रवास सुकर झाला की व्यापारी किंवा कर्मचारी सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. अशा वेळी गावातील वर्दळ वाढते, पण मुक्काम कमी होऊ शकतो. सुरत–धुळे महामार्ग खांडबाऱ्यातून न जाता विसरवाडीवरून जातो. शिवाय मालट्रकचे चालक बहुधा गाडीतच झोपतात. त्यांना जेवण, पाणी आणि गाडी उभी करण्यास जागा लागते, खोली नव्हे.

इतर संभाव्य पाहुण्यांची छाननीही अशीच करावी लागते. सरकारी अधिकाऱ्यांची सोय विश्रामगृहांत होते. लग्नसराईत वऱ्हाडी मंडळी मोठ्या संख्येने येतात, परंतु त्यांतील बरीच नातेवाइकांकडे उतरतात. त्यांना खोल्यांपेक्षा मंगल कार्यालयाची गरज अधिक असते. औषध कंपन्यांचे व शेती-निविष्ठांचे विक्री प्रतिनिधी, बांधकामावरील अभियंते, बँकांचे लेखापरीक्षक, बदली होऊन आलेले शिक्षक व आरोग्य कर्मचारी हे अशा गावातील अधिक भरवशाचे पाहुणे होत. मात्र त्यांचा खर्च कार्यालयीन भत्त्याने बांधलेला असतो, म्हणून दर वाढविण्यास वाव कमी असतो.

जिल्ह्यातील पर्यटनस्थळांचा विचार करताना अंतर आणि हंगाम दोन्ही पाहावे लागतात. तोरणमाळ हे सातपुड्यातील थंड हवेचे ठिकाण अक्राणी तालुक्यात आहे. तापीकाठचे तीर्थक्षेत्र प्रकाशे व दत्तजयंतीच्या घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेले सारंगखेडा शहादा तालुक्यात आहेत. तेथे जाणाऱ्यांना नंदुरबार आणि शहादा ही शहरे मुक्कामास अधिक जवळची आहेत. शिवाय यात्रेची गर्दी वर्षातून मोजकेच दिवस असते आणि भाविकांपुढे धर्मशाळांचा स्वस्त पर्यायही असतो. जिल्ह्यात पर्यटक येतात, एवढ्यावरून ते खांडबाऱ्यात उतरतील, असे अनुमान काढता येत नाही.

जमीन व कायदेशीर बाबी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यातील नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके पूर्णतः आणि इतर तालुक्यांचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. त्यामुळे येथील प्रकल्पाच्या हिशेबात जमिनीची किंमत मांडण्यापूर्वी तिचा कायदेशीर दर्जा तपासणे आवश्यक ठरते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ नुसार आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस विक्री, देणगी, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा या मार्गांनी पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यास वा गहाणास जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. इतर प्रकारांत जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीस राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. हॉटेलचे भांडवल वसूल होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. पाच वर्षांच्या पट्ट्यावर कायम स्वरूपाची इमारत उभारणे म्हणूनच आर्थिकदृष्ट्या धोक्याचे असते. हा कायदा आदिवासी कुटुंबांच्या जमिनीचे रक्षण करण्यासाठी आहे. 'स्वस्त जमीन' मिळवून देण्यासाठी त्यातून पळवाट काढणारा प्रकल्प व्यवहार्य समजता येत नाही, कारण असे हस्तांतरण रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. जमीनमालक आदिवासी कुटुंब स्वतःच प्रवर्तक किंवा भागीदार असल्यास प्रकल्पाचा पाया अधिक भक्कम होतो. मात्र तेथेही जमीन तारण ठेवल्यास तिच्या संभाव्य खरेदीदारांचे वर्तुळ मर्यादित राहते आणि बँक हे विचारात घेते.

अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजेच पेसा कायद्याने, मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचे किंवा तिचे नियमन करण्याचे अधिकार ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. शेजारच्या गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे सीमेलगतच्या तालुक्यांत परमिट रूमचे भरघोस उत्पन्न गृहीत धरण्याचा मोह प्रवर्तकांना होतो. ज्या उत्पन्नाचा परवानाच अनिश्चित आहे, ते मूळ अंदाजात न धरता प्रकल्प तग धरतो का, हे पाहणे सुरक्षित असते.

खर्च व उत्पन्नाचे घटक

भांडवली खर्चात जमीन, बांधकाम, लाकूडकाम व सामान, वीज-पाणी जोडणी, सांडपाण्याची व्यवस्था, अग्निसुरक्षा, परवाने आणि बांधकाम काळातील व्याज यांचा समावेश होतो. पहिल्या वर्षातील तूट भरून काढण्यासाठी लागणारे खेळते भांडवल बऱ्याच अहवालांत विसरले जाते. गाद्या, चादरी, पंखे, वातानुकूलन यंत्रे ठरावीक वर्षांनी बदलावी लागतात, म्हणून दरवर्षी काही रक्कम वेगळी काढणेही आवश्यक असते.

करांचाही परिणाम होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंत दर असलेल्या खोल्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू असून त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. परिणामी पाहुण्याचे बिल हलके झाले असले, तरी सामान व सेवांच्या खरेदीवर हॉटेलने भरलेला कर खर्चातच धरावा लागतो. महाराष्ट्र शासनाचे पर्यटन धोरण २०२४ मध्ये जाहीर झाले असून त्यात पात्र प्रकल्पांसाठी सवलती आहेत. अशा सवलतींमुळे चांगला प्रकल्प अधिक चांगला होतो. केवळ अनुदानामुळे नफ्यात दिसणारा प्रकल्प मात्र अनुदानाला उशीर होताच अडचणीत येतो.

उत्पन्नाचा अंदाज तीन संख्यांवर उभा असतो: उपलब्ध खोली-रात्री, त्यांपैकी विकल्या जाणाऱ्या रात्रींचे प्रमाण, ज्यास व्यवसायात ऑक्युपन्सी म्हणतात, आणि प्रत्यक्ष मिळणारा सरासरी दर. पाटीवर लिहिलेला दर आणि घासाघीस, दलाली व सवलत वजा जाता हाती पडणारा दर यांत बरेच अंतर असू शकते.

उदाहरण: खांडबारा येथील वीस खोल्यांचे कल्पित हॉटेल

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी यासाठी कल्पिलेले आहेत. ते प्रत्यक्ष पाहणीतून आलेले नाहीत.

खांडबारा येथे वीस खोल्यांचे हॉटेल व लहान भोजनगृह नियोजित आहे असे मानू. प्रतिखोली ८ लाख रुपयांप्रमाणे बांधकाम व सामान १ कोटी ६० लाख, जमीन व सपाटीकरण २० लाख, बांधकाम काळातील व्याज, परवाने व खेळते भांडवल २० लाख, असा एकूण खर्च २ कोटी रुपये होतो. त्यांपैकी ८० लाख प्रवर्तकाचे आणि १ कोटी २० लाख बँकेचे. व्याजदर ११ टक्के व मुदत दहा वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे १ लाख ६५ हजार, म्हणजे वार्षिक सुमारे १९ लाख ८४ हजार रुपये येतो.

वर्षातील उपलब्ध खोली-रात्री ७,३०० होतात. सरासरी दर १,२०० रुपये व प्रत्येक विकल्या गेलेल्या रात्रीमागे धुलाई, साबण, वीज, दलाली यांचा बदलता खर्च २५० रुपये धरल्यास प्रतिरात्र ९५० रुपये हाती उरतात. आठ कर्मचाऱ्यांचे वेतन, विमा, दुरुस्ती, कर, बदलखर्चाची तरतूद असा स्थिर खर्च २० लाख आणि मुख्यतः बाहेरच्या ग्राहकांवर चालणाऱ्या भोजनगृहाची निव्वळ मिळकत ३ लाख मानली, तर खोल्यांच्या उत्पन्नातून १७ लाख रुपये स्थिर खर्च भागवावा लागतो. यावरून पुढील निष्कर्ष निघतात.

केवळ दैनंदिन खर्च भागविण्यासाठी सुमारे १,७९० रात्री, म्हणजे २४.५ टक्के ऑक्युपन्सी पुरते. कर्जाचे हप्तेही भागविण्यासाठी सुमारे ३,८८० रात्री, म्हणजे ५३ टक्के ऑक्युपन्सी लागते. रोज सरासरी दहाहून अधिक खोल्या भराव्या लागतात.

प्रवर्तकाच्या अंदाजाप्रमाणे ६० टक्के खोल्या भरल्यास हप्ते भरून वर्षाला सुमारे ४ लाख ७७ हजार रुपये उरतात. ८० लाखांच्या गुंतवणुकीवर ही रोख मिळकत ६ टक्क्यांच्या आसपास आहे.

ऑक्युपन्सी ४५ टक्क्यांवर आल्यास सुमारे ५ लाख ६३ हजार रुपयांची तूट येते. ऑक्युपन्सी ६० टक्केच राहून दर १,००० रुपयांवर घसरल्यास सुमारे ४ लाख रुपयांची तूट येते.

वार्षिक सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. लग्नसराई व सणांचे चार महिने ८० टक्के आणि उरलेले आठ महिने ४० टक्के खोल्या भरल्या, तर सरासरी ५३ टक्के होते, म्हणजे कागदावर ना नफा ना तोटा. प्रत्यक्षात मंदीच्या प्रत्येक महिन्यात हप्ता भरताना सुमारे ७९ हजार रुपये कमी पडतात. आठ महिन्यांत ही तूट ६ लाखांवर जाते. हॉटेल पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाले, तर बरकतीचे महिने येण्यापूर्वीच खेळते भांडवल संपू शकते. म्हणूनच वार्षिक ताळेबंदाबरोबर महिनावार रोकडप्रवाह मांडणे अपरिहार्य असते.

लहान आकाराचा पर्याय

व्यवहार्यता अभ्यासाचे उत्तर नेहमी 'बांधावे' किंवा 'बांधू नये' एवढेच नसते. त्याच ठिकाणी प्रथम दहा खोल्या बांधून पुढील मजल्याची पायाभरणी तेवढी करून ठेवणे, हा तिसरा पर्याय असतो. खर्च १ कोटी १२ लाख, स्वतःचे भांडवल तेच ८० लाख, कर्ज ३२ लाख आणि भोजनगृहाची मिळकत वजा जाता स्थिर खर्च ९ लाख मानल्यास वार्षिक हप्ता सुमारे ५ लाख २९ हजार येतो. सर्व खर्च भागण्यासाठी ४१ टक्के ऑक्युपन्सी, म्हणजे रोज सरासरी चारच खोल्या पुरतात.

मागणी टक्केवारीने येत नाही, पाहुण्यांच्या संख्येने येते. खोल्या दुप्पट केल्याने गावात येणारे पाहुणे दुप्पट होत नाहीत. मंदीत रोज पाच व तेजीत रोज नऊ खोल्या भरल्या, तर दहा खोल्यांच्या हॉटेलास वर्षाअखेर सुमारे साडेसात लाख रुपये उरतात. तेवढ्याच पाहुण्यांवर वीस खोल्यांचे हॉटेल सुमारे १५ लाखांच्या तोट्यात जाते.

मूल्यमापनाच्या कसोट्या

कर्जफेड क्षमता गुणोत्तर म्हणजे हप्त्यासाठी उपलब्ध रोकड भागिले वार्षिक हप्ता. हे गुणोत्तर १ असल्यास हप्ता जेमतेम भरला जातो. बँका साधारणतः १.२५ ते १.५ किंवा त्याहून अधिक गुणोत्तराची अपेक्षा ठेवतात. वरील वीस खोल्यांच्या उदाहरणात ६० टक्के ऑक्युपन्सीलाही ते १.२४ येते, ४५ टक्क्यांना ०.७२ पर्यंत घसरते.

निव्वळ वर्तमान मूल्य या कसोटीत भविष्यातील रोकड आजच्या किमतीत बदलून तिची गुंतवणुकीशी तुलना केली जाते. १२ टक्के दराने पाच वर्षांनी मिळणाऱ्या १ लाख रुपयांचे आजचे मूल्य सुमारे ५६,७०० रुपये होते. ज्या दराने हे निव्वळ मूल्य शून्य होते, त्यास अंतर्गत परतावा दर म्हणतात. परतफेड कालावधी ही समजण्यास सोपी कसोटी असली, तरी ती पैशाचे कालमूल्य विचारात घेत नाही.

प्रतिखोली खर्चाच्या एक हजारांशाइतका सरासरी दर मिळाला पाहिजे, असा एक ढोबळ नियम या व्यवसायात प्रचलित आहे. वरील उदाहरणात प्रतिखोली खर्च १० लाख असल्याने १,००० रुपये दर पुरेसा ठरतो व १,२०० रुपयांचा दर कसोटीस उतरतो. तरीही मंदीच्या महिन्यांत प्रकल्प डळमळतो, यावरून अशा नियमांची मर्यादा स्पष्ट होते.

जोखीम

अनपेक्षित संकटांचा अंदाज आकड्यांत पकडणे कठीण असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत भारतातील पहिल्या बर्ड फ्लूच्या साथीची नोंद झाली, लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि तालुक्याच्या एका प्रमुख व्यवसायास धक्का बसला. एकाच व्यवसायासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर विसंबलेल्या हॉटेलास असा धक्का थेट पोहोचतो. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत तर उत्पन्न थांबले, स्थिर खर्च मात्र चालू राहिले.

कर्जाच्या प्रमाणाची जोखीम मोठ्या कंपन्यांनाही चुकत नाही. मुंबईत सुरुवात केलेल्या हॉटेल लीलाव्हेंचर या कंपनीने कर्जाच्या आधारे मोठा विस्तार केला. कर्जाचा भार असह्य झाल्यावर २०१४ मध्ये कर्जदात्या बँकांनी बरेचसे कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीस विकले. २०१९ मध्ये बंगळूर, चेन्नई, दिल्ली व उदयपूर येथील हॉटेले ब्रुकफील्ड या गुंतवणूक संस्थेकडे ३,९५० कोटी रुपयांच्या व्यवहारात गेली. हॉटेले नावाजलेली होती व पुढेही चालू राहिली. बदलली ती मालकी. प्रकल्प चालणे आणि तो प्रवर्तकाच्या हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मर्यादा

व्यवहार्यता अहवाल गृहीतकांवर उभा असतो. अहवाल तयार करणाऱ्याचे मानधन प्रकल्प मंजूर होण्यावर अवलंबून असेल, तर गृहीतके आशावादी होण्याचा धोका वाढतो. ऑक्युपन्सीचा आकडा महानगरातील हॉटेलांच्या सरासरीवरून उचलणे, हा ग्रामीण प्रकल्पांच्या अहवालांतील मोठा दोष होय. त्यापेक्षा नवापूर, विसरवाडी व नंदुरबार येथील चालू लॉजांत वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत, आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी किती खोल्या भरतात, याची प्रत्यक्ष पाहणी अधिक विश्वसनीय माहिती देते. अशा पाहणीस वर्षभर लागले व खर्च आला, तरी तो दोन कोटींच्या गुंतवणुकीच्या तुलनेत अल्प असतो. पाहणीअंती प्रकल्प सोडून देण्याचा निष्कर्ष निघाल्यास अभ्यास वाया गेला असे होत नाही. कुटुंबाची जमीन आणि साठवण त्यामुळेच वाचते.

हे सुद्धा पहा

खांडबारा
नवापूर तालुका
नंदुरबार जिल्हा
अनुसूचित क्षेत्र
निव्वळ वर्तमान मूल्य